अर्जावरचा पत्ता

मनीमाजरा, चंदीगड
१२ नोव्हेंबर १९८८

ती. सासूबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र काल मिळालं. चित्राच्या लग्नासाठी दिगंबरला पंधरा दिवस पॅरोल मिळावा, म्हणून मी हरकत मागे घ्यावी, असं लिहिलंत. बहिणीच्या लग्नात भाऊ असावा, हे मला कळतं. पण त्याने डोक्यात घातलेल्या कुकरची खूण भांग पाडताना अजून हाताला लागते. मला सोडवायला आलेल्या शेजाऱ्याला त्याने भोसकलं, तेव्हा तुम्हीही दारात होतात.

अतिरेक्यांमुळे इथे सगळेच घाबरलेले आहेत. तरी मी पाचलाच कडी लावते म्हणून घरमालकीण चिडवते, "पद्मजाजी, उग्रवादी आपकी भिंडी लूटने आएँगे क्या?" मी हसते. मला अनोळखी माणसाची भीती नाही, हे तिला सांगत नाही.

हरकतीचा अर्ज दिला, तेव्हा तुरुंगातला कारकून म्हणाला, "पता पूरा लिखिए जी, नहीं तो अर्जी नहीं चलेगी." मी घर नंबर, गल्ली, सगळं लिहिलं. हा पत्ता मी दुसऱ्या कुणालाच दिलेला नाही. माझ्या आईची पत्रंसुद्धा ऑफिसवर येतात.

तुमचं पत्र थेट घरी आलं.

पत्ता कोणी दिला, हे विचारायलाच लिहायला बसले होते. पण उत्तर धाडलं, तर मी इथेच राहते हे पक्कं होईल. म्हणून तुमचं पाकीट पुन्हा चिकटवलंय. 'इथे राहत नाही' असं लिहून ते उद्या पोस्टमनला परत देईन. ते शब्द घरमालकिणीकडून लिहून घेईन. माझं अक्षर दिगंबर ओळखतो.

तुमची सून,
पद्मजा