भैय्यालालच्या मिलची बारीक धूळ

४ डिसेंबर १९८३
आजपासून तुमसरची हवा मोजणार. समोरच्या भैय्यालालच्या राईस मिलची राखड थेट आमच्या घरात. आमच्या हिचा, सुलोचनेचा, खोकला दिवाळीपासून थांबत नाही. काचपट्टीला व्हॅसलिन फासून गच्चीवर ठेवली. उद्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली कण मोजायचे. विज्ञानाच्या शिक्षकाने पुराव्याशिवाय बोलू नये. महिन्याभरात मिल ताळ्यावर!

५ डिसेंबर
काच चकचकीत. सुलोचना म्हणते, तेलकट दिसली म्हून घासली.

१९ डिसेंबर
एका चौकोनात १४२ कण. मोठी राखड झाडता येते, बारीक कण छातीत उतरतो. सुलोचनेला समजावले. ती म्हणाली, तुमी मोजून राह्यले, मी खोकलून राह्यली. जाऊन सांगा ना भैय्यालालले.
अपुरे रीडिंग घेऊन कसा जाऊ? भीतीचा प्रश्नच नाही.

८ जानेवारी १९८४
हेडमास्तर मारोतरावांनी मायक्रोस्कोप कुलपात ठेवला. इन्स्पेक्शन आहे म्हणे. साध्या भिंगाने मोजले. ९० असतील किंवा ९००. सरासरी धरली.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला भैय्यालाल शेजारीच उभा. नमस्कार केला. त्यानेही केला. वातावरणनिर्मिती झाली.

११ फेब्रुवारी
आलेख पूर्ण, सहा रंगांत! नागपूरच्या प्रदूषणवाल्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. या गडबडीत सुलोचनेला दवाखान्यात न्यायचे राहिले.

२ मार्च
साहेबांचे पत्र! पंधरा तारखेला यंत्र घेऊन येणार. आता बघतोच.

७ मार्च
घात. चार दिवस काचेवर काही नाही. व्हॅसलिनचा डबा बदलला, तरी नाही. शेवटी कळले. मागच्या सोमवारी सुलोचना भैय्यालालच्या बायकोकडे, चंद्रकांताबाईकडे, गेली होती. बसली, चहा घेतला, खोकली. भैय्यालाल धावत आला. म्हणाला, मास्तरनं काहून नाई सांगतलं? तीन दिवसांत धुराडे उंच केले, कोंड्याच्या पाइपाभोवती टिनाची खोली बांधली. मला न विचारता!
सुलोचनेला म्हणालो, पंधरा दिवस थांबली असतीस. ती म्हणाली, साहेब येतपर्यंत श्वास रोखून धरू का जी?

१२ मार्च
धीर करून भैय्यालालकडे गेलो. विनंती केली, फक्त पंधरा तारखेपुरती ती टिनं काढा. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. विचारले, मास्तर, तब्येत बरी आहे ना?

१५ मार्च
साहेब थेट मिलमध्ये उतरले. आम्ही दोघेही तिथे गेलो. यंत्र चार तास घोंघावले. यंत्रातला धूळ धरायचा कागद पांढराच. साहेब खूश. अशी सुधारणा कोणी सुचवली, विचारले. भैय्यालालने सुलोचनेकडे बोट दाखवले. साहेबांनी तिचे पूर्ण नाव लिहून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आपण?
म्हणालो, यांचा नवरा.