तुमच्या कंपनीत कुणाला वाचता येतं का?

झ्रेन्यानिन, १२ मे

ती. पर्सिदाताई हिला त्रिवुनचा नमस्कार. (वाकून केला असं समज, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच केला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? सोंबोरमधला डॉक्टर बदललास, की अजून त्या जुन्याकडेच जाऊन त्यालाच शिव्या देतेस? इकडे आम्ही दोघं खाऊनपिऊन बरे आहोत. फक्त स्मिल्या सहा दिवस माझ्याशी बोलत नाहीये, त्यामुळे घरात शांतता आहे आणि कॉफी माझी मलाच करून घ्यावी लागते.

तूही रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. दोन बस बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी तू घराण्याच्या स्लावाला, आपल्या कुलसंताच्या सणाला, आलीस आणि यजमानच गायब! संत जॉर्जच्या दिवशी यजमानाने बसायचंसुद्धा नसतं, पाहुण्यांच्या पाठीशी उभं राहून वाढायचं असतं, आणि मी त्या वेळी किकिंदाच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. पाद्रीबाबांनी विचारलं म्हणे, ‘यजमान कुठे?’ स्मिल्या म्हणाली, ‘कामावर.’ ‘आज कसलं काम?’ तर म्हणाली, ‘फुकटचं.’ ताई, बायको चुकीचं काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

तू चाळीस वर्षं शाळेत दोन्ही लिप्या शिकवल्यास, तुला मी काय सांगणार? पण स्मिल्या हे पत्र चोरून वाचणार आहे, आणि तेवीस वर्षांत मी त्या टेबलाशी बसून नेमकं काय करतो हे तिला कळलेलं नाही, तेव्हा हे तिच्यासाठी. आपली भाषा एक, लिप्या दोन. लोक कीबोर्डवर लॅटिनमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांत, बडवतात, आणि कचेरीला, चर्चला, थडग्याला सिरिलिक लागते. माझा प्रोग्रॅम ‘पेरो’, म्हणजे लेखणी, एकीचं दुसरीत करून देतो. खोच अशी की लॅटिनमध्ये द आणि झ शेजारी आले की सिरिलिकमध्ये त्यांचा मिळून एकच ज होतो. म्हणजे बहुतेक वेळा होतो. काही शब्दांत मात्र ते शेजारी राहूनही वेगळेच राहतात (आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्यासारखे), आणि ते शब्द कुठले हे अर्थ कळल्याशिवाय कळत नाही. प्रोग्रॅमला अर्थ कळत नाही. म्हणून अशा शब्दांची यादी माणसाने हाताने करायची. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून घरी आलो की मी ती करत बसतो.

आणि हे सगळं ओपन सोर्स. म्हणजे कुणीही न्यावं, उघडून बघावं, बदलावं, नावं ठेवावीत. यातली चौथी गोष्ट सगळे करतात. ‘आदरणीय पेरो टीम, शुक्रवारपर्यंत दुरुस्ती व्हावी.’ टीम म्हणजे मी आणि स्मिल्याचं शिलाई मशीन, एकाच टेबलावर! पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं फार गोड गेली. व्रशात्सची एक नर्स आपला इंजेक्शनचा शब्द चुकतो म्हणून कळवायची, बोरच्या खाणीतला कुणी फोरमन त्याच्याकडचे शब्द पाठवायचा. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशी माणसं एकेक शब्द आणून माझ्या दारात ठेवून जायची. मला वाटायचं, अख्खा देश माझ्याबरोबर शुद्धलेखन करतोय. मग हळूहळू ती आटली. गेली काही वर्षं नुसत्या तक्रारी. म्हणून मी ठरवलं होतं, स्लावाच्या जेवणात पेला उचलायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं, पेरो बंद. सूचना लिहून तयार होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

त्या सकाळी पोस्टमन आला. (स्मिल्याने त्याला पहिला पाहुणा समजून बसवलं आणि सूप वाढलं. त्यानेही काही खुलासा केला नाही.) त्याच्याकडे माझ्या नावाचं पाकीट होतं. आत एका थडग्याचा फोटो, आणि मागे एकच ओळ: ‘तुमच्या कंपनीत कुणाला वाचता येतं का?’ दगडावर कोरायचं होतं, ‘प्रेम मरणाला पुरून उरेल.’ पुरून उरणं म्हणजे आपलं नद्झिवेति, द वेगळा, झ वेगळा. कोरलं होतं नाजिवेति. असा शब्दच नाही, ताई. दगड कापणाऱ्याने यंत्राकडे बोट दाखवलं, यंत्रवाल्याने प्रोग्रॅमकडे, आणि प्रोग्रॅमच्या तळाशी तरुणपणीच्या मिजाशीत मी माझा घरचा पत्ता लिहून ठेवला होता. मी फोटो खिशात घातला, दुसऱ्या खिशात स्लावाच्या पावाचा तुकडा घातला आणि मागच्या दाराने निघालो. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

फोटो पाठवणारे किकिंदाचे ग्लिगोरकाका म्हणजे रेल्वेतले निवृत्त सिग्नलवाले, वय अठ्ठ्याहत्तर. दार उघडून त्यांनी मला बुटांपर्यंत न्याहाळलं.

‘कंपनी ती हीच?’

‘हीच.’

‘एवढीच?’

‘एवढीच.’

मी पाव पुढे केला. ते म्हणाले, ‘अरे, आज तुझ्या घरी स्लावा, आणि तू इथे काय करतोस, गाढवा?’ आणि आधी दुन्या फळाची दारू ओतली, मग कोट चढवला. स्मशानात दोघं त्या दगडासमोर उभे राहिलो. मी म्हटलं, नवा दगड मी बसवून देतो. तर म्हणाले, ‘हात लावू नकोस. दोन महिने झाले, येणारा जाणारा इथे थांबतो, मोठ्याने वाचतो, चूक की बरोबर यावर भांडतो. माझ्या स्तानियाला माणसं लागायची. आता कुणी ना कुणी असतं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पण ते तुझं यंत्र नीट कर. दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या वाट्याला हे नको.’

ताई, मी साठीचा माणूस, तिथे हमसून हमसून रडलो. बंद करतोय हे सांगायला तोंड उघडलं आणि ‘करतो’ म्हणून आलो. घरी परतल्याबरोबर तो शब्द यादीत घातला. पण एका शब्दाने भागत नाही गं. असे आणखी किती शब्द कुठल्या दगडाकडे निघालेत, मला काय माहीत? माझ्याच्याने आता यादी सांभाळणं होत नाही आणि बंद करणंही होत नाही. काय करावं सुचत नाही, म्हणून लिहिलं. बाकी क्षेम. गुडघ्यांना शेक दे.

तुझा भाऊ,
त्रिवुन

ता. क. एक गोष्ट वर लिहायची टाळली. पहिल्या वर्षी तू वहीच्या पानावर पेन्सिलीने शब्दांची यादी पाठवली होतीस, आठवतं? काल कपाटात सापडली. नद्झिवेति त्यात आहे, खाली दोनदा रेघ मारलेली. तो मीच गाळला. समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘कोण मरायला हा शब्द टाइप करणार!’

पुन्हा ता. क. रागावू नकोस, पण कालपासूनच पेरोची यादी सांभाळणारी म्हणून तुझं नाव घातलं आहे. तुला फक्त ‘हा शब्द वेगळा, हा नाही’ एवढंच सांगायचं, ते तू झोपेतही सांगशील. एका बँकेचं पत्र आलंसुद्धा, ‘आदरणीय पर्सिदा विभाग’ म्हणून. नको असेल तर नाव काढतो, आणि मग ते बटणही दाबतो.

शेवटचा ता. क. यादीचं मी ग्लिगोरकाकांना फोनवर कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे त्या मास्तरीणबाईंना पहिल्यापासून माहीत होतं? मग इतकी वर्षं कारभार तुझ्याकडे कसा रे?’