व्याह्यांच्या हातातला दोर

४ मार्च
आमच्या मुलीचं, मारिसेलाचं लग्न एल पासोतच होणार. आपल्या डोंगराखाली, आपल्या चर्चमध्ये. व्याही डॉन फर्मिन यांना म्हणे ते सीमेपलीकडे, डेलिसियासला, स्वतःच्या अक्रोडाच्या बागेत हवं आहे. ही बातमी माझ्या बायकोच्या, ओफेलियाच्या बहिणीची. शनिवारी ते येताहेत. मी बघतो.

६ मार्च
योजना तयार. डोंगरावरच्या पार्कात शनिवारी पाहुण्यांना कडा चढायला शिकवतात. व्याह्यांना तिथे न्यायचं. कड्यावर माणूस घाबरतो, घाबरला की नरमतो. तेव्हा विषय काढायचा. ओफेलियाने विचारलं, तुम्ही कधी चढलात? म्हटलं, जन्मापासून या डोंगराखाली राहतोय.

८ मार्च
सराव. जिना दोनदा. तिसऱ्यांदा जेवण तयार होतं. मनाची तयारी महत्त्वाची.

९ मार्च, सकाळी १०.१०
व्याह्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून चढायला नकार दिला. घाबरले. रेंजर योलांडा त्यांना म्हणाली, मग यांचा दोर खालून तुम्ही धरा, वजन छान आहे. मी चढलो. निम्म्यावर बसण्याजोगी कपार आहे. देखावा बघायला थांबलो आहे.

१०.३०
योलांडा खालून सांगते आहे, खडक सोडा, मागे रेला, व्याही दोर सोडत सोडत उतरवतील. म्हणजे मुलीच्या सासऱ्याच्या हातात जीव द्यायचा. तत्त्वाचा प्रश्न आहे. लिहिण्यापुरता एक हात सोडला आहे.

१०.५०
ऊन थेट अंगावर. पाणी खाली. रांगेत हेल्मेट घातलेली एक आजी आहे. तिने विचारलं, "साहेब, आज उतरणार का, की मी घरी जाऊन येऊ?" वारा सुटला आहे. उजवा पाय आपोआप थरथरतो. व्यायाम जास्त झाला असावा.

दुपारी १२
उतरलो. झालं ते असं. व्याही खालून म्हणाले, "व्याहीबुवा, सावकाश. मी धरलंय. तोवर लग्नाचं बोलून घेऊ का?"
प्रसंगावधान राखून मी म्हणालो, "डेलिसियासला करू. तुमच्याच बागेत. तुम्ही म्हणाल तसं. फक्त हळू सोडा."
रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१० मार्च
जेवताना उलगडा झाला. बागेचं व्याह्यांच्या मनातही नव्हतं. इथल्याच चर्चला होकार द्यायला ते आले होते. पण मी सगळ्यांसमोर एवढा मान दिला म्हणून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली आणि तिथूनच बायकोला फोन केला. आता तिकडे मांडवाची चर्चा चालू आहे.
मारिसेला म्हणाली, "पपा, मला नवरी म्हणून या घरातून निघायचं होतं."
मी आत्ताही व्याह्यांना फोन करून खुलासा करू शकतो. पण मग वर असताना घाबरून बोललो, असं सांगावं लागेल. आणि मी घाबरलो नव्हतो.