पुढच्या थांब्यावरून

ता. ८ जानेवारी

ति. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस असं लिहितेस, पण लावत नाहीस हे मला ठाऊक आहे. इथे घरी सगळे ठीक. माझ्या व्हायोलिनच्या वर्गात मात्र एक गोष्ट बिघडली आहे, आणि ती माझ्याच हातून बिघडली की काय, ही रुखरुख लागली आहे.

घड्याळवाल्यांची मुलगी तुला आठवत असेल. मागे फोटो पाठवला होता, व्हायोलिन हनुवटीखाली आणि डोळे जमिनीवर. परवा वर्गाच्या कार्यक्रमात ती मधेच एका सुरावर चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा हाताला असं कापरं भरलं की गज तारांवर उड्या मारायला लागला. मान खाली घालून निघून गेली. एकटी असते तेव्हा माझ्याहून चांगली वाजवते ती. मार्चमध्ये संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे आणि आता बसणार नाही म्हणते. वडील म्हणतात, रियाज वाढवा. तासन् तास घासतेच आहे बिचारी, आणखी काय वाढवू?

काका असते तर त्यांनाच विचारलं असतं. ते पुढच्या खोलीत आम्हा मुलांना शिकवायचे, तेव्हा तू इतकी वर्षं शेजारच्या स्वयंपाकघरात होतीस. भित्र्या मुलांचं ते काय करायचे, आठवतं का?

माया आहे तशी राहू दे. उत्तराला मात्र नेहमीसारखा महिना लावू नकोस.

तुझी,
टिटवी

ता. १५ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

गुडघ्याला तेल लावते. तू तिथे आणि मी इथे, तेव्हा मानण्यावाचून तुला इलाज नाही.

मला सुरांतलं कळत नाही. वाचायला शिकले तेही लग्नानंतर, दुकानांच्या पाट्यांवरून, मग हाती लागेल त्या पुस्तकावरून. तेव्हा कानावर पडलं तेवढंच सांगते.

तुझ्या वेळी हे फार कडक होते. चूक झाली की पहिल्यापासून. तू शिकून गेलीस त्यानंतरची गोष्ट. एकदा जेवताना मी यांना म्हटलं, तुमच्या मुलांच्या सगळ्या गाण्यांच्या सुरुवाती मला पाठ झाल्या, मरायच्या आधी एखाद्याचा शेवटही ऐकवा. मी थट्टेने म्हटलं होतं, पण हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलांना शेवटच्या ओळीपासून शिकवायला लागले. म्हणजे पुढे जाल तसा रस्ता ओळखीचा होत जातो.

मग थांबे आले. प्रत्येक गाण्यात थांबे ठरवायचे आणि त्यांना नावं मुलांनीच द्यायची. एकीने एका थांब्याला सासूबाई म्हटलं होतं, कारण तिथे आवाज एकदम चढायचा. हे मधेच कुठल्याही थांब्याचं नाव घ्यायचे, की तिथूनच उचलायचं. बस चुकली म्हणून कोणी घरी परतून पुन्हा आंघोळ करून निघत नाही, पुढच्या थांब्यावर गाठायची, असं सांगायचे. रियाजाला तास विचारत नसत. बसण्याआधी सांगायचं, आज नक्की काय सुधारायचं आहे. ते सुधारलं की उठायचं.

भीती जात नाही, असंही म्हणायचे. तिला शेजारी बसवून वाजवायची सवय लावायची. त्यासाठी मी होते. आधी मी पाठमोरी शेंगा सोलत बसायची. मूल त्यात रुळलं की मग तोंड वळवून, हातात काही न घेता.

आता पुढच्या खोलीत मी इस्त्रीचे कपडे ठेवते. हे लिहिताना यांचं बोलणं सगळं आठवलं. आवाज काही केल्या आठवला नाही. असो.

जेवत जा वेळेवर. रागावलीस तरी लिहून रागव.

तुझी काकू

ता. ९ फेब्रुवारी

ति. काकूस,
सा. न. वि. वि.

रागावलेच आहे. मला इतकी वर्षं पहिल्यापासून घासायला लावलं आणि मी गेल्यावर थांबे काढले होय? आणि मीही माझ्या मुलांना तेच पहिल्यापासून शिकवत बसले. जे अंगी मुरलं तेच पुढे वाढलं.

आता बदललं आहे. मुलीने तिच्या गाण्यात थांबे पाडले. एकाचं नाव पाणपोई, एकाचं गणिताच्या बाई. कुठूनही उचलते. परवा मुद्दाम भांडं पाडलं तरी पुढे गेली. पण हे माझ्यासमोर. तिसरं माणूस दारात आलं की गज हवेतच राहतो. अर्ज भरायला वडिलांनी कसंबसं राजी केलं, पण आयत्या वेळी गाडीत बसेन असं वाटत नाही, म्हणते.

म्हणून विचारते. वडील तिला एका रविवारी तुझ्याकडे आणतील. मी बरोबर नसेन, तेच बरं. त्या खोलीत काका गेल्यापासून कोणी वाजवलेलं नाही, हे मी विसरलेले नाही. नाही म्हणालीस तरी माझा लोभ तसूभर कमी होणार नाही.

तुझी,
टिटवी

ता. २४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी पाहुणी काल येऊन गेली. शनिवारीच कपडे उचलले, खिडकी उघडली. खिडकी फुगली होती, शेजाऱ्यांना बोलवावं लागलं.

घड्याळवाल्यांना मी बाहेरच्या पायरीवर बसवलं. ते आत यायला बघत होते. माझं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, तेच काढून त्यांच्या हातात दिलं. मी शेंगा घेऊन पाठमोरी बसले. मुलीने सूर जुळवायला इतका वेळ लावला की माझ्या शेंगा संपतात की काय असं वाटलं. मग सुरू केलं. मधे अडली. खोली एवढी शांत झाली की पायरीवरच्या घड्याळाची टिकटिक आत आली. मी मान वळवली नाही. मग तिने पुढून कुठून तरी उचललं आणि शेवटपर्यंत नेलं.

पाणी दिलं. म्हटलं, आता माझ्याकडे बघून. नाही म्हणाली. मीही हट्ट धरला नाही, शेंगा आत नेऊन ठेवल्या. परत आले तर उभीच होती, व्हायोलिन खांद्यावर. मी समोर बसले.

टिटवे, मला वाटलं होतं मी नीट बसेन. यांना जाऊन इतके दिवस झाले, माणसांत मी कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. पण त्या खोलीत गाणं निम्म्यावर आलं आणि मला रडू फुटलं, चांगलं आवाज करून. पदराने तोंड दाबलं तरी थांबेना. मुलीने पाहिलं. गज तारांवर उडाला, तेही मी पाहिलं. मनात म्हटलं, झालं, मीच घात केला पोरीचा. पण ती वाजवत राहिली. तिने सूर जरा मोठा केला, मला झाकायला की काय कोण जाणे, आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

मी क्षमा मागितली. तर मलाच म्हणते, आजी, परीक्षक याहून काय वाईट करणार? आणि बाहेर जाऊन वडिलांना परीक्षेच्या गाडीची वेळ विचारली.

तुझ्या वर्गात आणखी भित्रे असतील तर रविवारी पाठव. रडण्याची हमी देत नाही, पण बसेन. तुझ्या वाट्याची माया इथे राखून ठेवली आहे, येऊन घेऊन जा.

तुझी काकू