नागुबाईंच्या कानशिलाचा तुकडा

४ डिसेंबर
परभणीत आले आणि चक्क खूश आहे! लॅब लहान, पण मायक्रोस्कोप नवाकोरा. मेंदूचे आणि रक्तवाहिन्यांचे कॅन्सर नसलेले आजार ओळखणं ही माझी आवड, आणि पहिल्याच दिवशी तसा नमुना हाती आला. सोनपेठच्या नागुबाई, वय सत्तरीचं. भाकरी चावताना जबडा दुखतो, एक डोळा अंधुक झालाय. त्यांच्या कानशिलातल्या धमनीचा तुकडा आला होता. स्लाइड पाहिली तर भिंत सुजलेली, मोठमोठ्या पेशींनी भरलेली. निदान पक्कं. वेळेत औषध मिळालं तर नजर वाचते.

६ डिसेंबर
नागुबाई स्वतःच तुकडा परत मागायला आल्या. त्या लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. अंगाचा तुकडाही मातीलाच द्यायचा म्हणे. काम संपल्यावर बघू, असं सांगून कटवलं. जाताना म्हणाल्या, "मातीत न्हाई गेलं तर ते दुसरी जागा हुडकतंय, डॉक्टरीणबाई."

९ डिसेंबर
डोकं उठलंय नुसतं! औषध सुरू करण्याआधी नागुबाईंच्या सर्जनना त्याच तुकड्याचा आणखी एक काप तपासून हवा होता. तो निरोगी निघाला. हा आजार धमनीत मधेमधे जागा सोडून पसरतो, मान्य. म्हणून तुकडा आणखी खोल कापला. निरोगी. अजून खोल. निरोगी! पहिली स्लाइड काढली, तर तीही आता साफ. सर्जन फोनवर हसले. मीही हट्टाला पेटले आणि सगळा तुकडा कापून संपवला. हाती भोपळा.

११ डिसेंबर
नागुबाईंना औषधाविनाच स्वच्छ दिसायला लागलंय. माझ्यासाठी हुरडा घेऊन आल्या. तुकडा उरला नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.
हुरडा चावताना माझा जबडा दुखला.

१३ डिसेंबर
कानशील ठणकतंय. तिथली शीर बोटाला दोरीसारखी लागते. हा आजार पन्नाशीनंतरचा, मी चौतीसची! गोळ्या घेतेय, उपयोग शून्य. कुणी ऐकून घेत नाही. उजवा डोळा —

१४ डिसेंबर
उजवा गेला. संतापाने सगळ्या स्लाइड फोडल्या. काय उपयोग? भीती वाटते. डावाही आता —

१५ डिसेंबर
ओळ दिसत नाही. अंदाजाने लिहितेय. नागुबाई आल्यात. लॅबमागच्या कडुलिंबाखाली त्यांनी वीतभर खड्डा खणलाय म्हणे. कुठं हाय ते, विचारतात. त्यांचा हात धरून माझ्या कानशिलावर ठेवला — रडायला लागल्या —
बाहेर पुन्हा कुदळ. म्हणतात, मग बसता येईल एवढा करावा ला