आले

गुरुवार, ता. १४

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. मी बरी आहे. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, हसू नकोस. एक बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायला हात धजत नाही. खांबावर चढलीस, कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून दोन्ही हात सोडलेस, हे दोनदा वाचलं. बाबांनी गल्लीभर सांगितलं असतं.

आता तुझ्या अर्जाचं. विजेचं लाईनकाम शिकवणारे तुझे सर म्हणजे बाबा खांबावर असताना लाईन चालू करणारे ऑपरेटर, हे तुला आत्ता कळलं. "या माणसाला कॉलेजातून काढा" असं लिहून तू खाली माझी सही मागितलीस. चार दिवस अर्ज देवापाशी ठेवला. सही होत नाही.

लहानपणी तू विचारायचीस, "आई, देवापुढे घंटा का नाही वाजवत?" मी म्हणायचे, डोकं दुखतं. ती फोनसारखी वाजते गं.

बाबा गेले त्या दिवशी त्यांनी खांबाजवळच्या दुकानातून फोन केला. "उरकलंच. पान वाढ, आलोच." हे "आलोच" म्हणजे तासाची निश्चिंती. मी चिडवायचे, "तुमच्या त्या 'च'मध्ये माझी एक झोप होते."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. ऑपरेटर भाऊजी. "वहिनी, लाईट कधी येणार म्हणून दवाखान्यातून सारखी विचारणा चालू आहे. ते आले का घरी?"

गॅसवर दूध वर येत होतं. मी म्हटलं, "हो, आले." आणि दुधाकडे धावले.

बाबा वर राहिलेली पक्कड आणायला पुन्हा खांबावर चढले होते.

इतकी वर्षं देवाला सांगत आले, मी दुधाकडे बघून "आलेच" म्हणाले, भाऊजींनी चुकीचं ऐकलं. खोटं. मी "आले" म्हणाले. अजून लाईट जाऊन आली की गल्लीतली पोरं "आली, आली" ओरडतात, आणि नळ थेंबभर गळला तरी उठून बंद करणारी मी, मोरीत जाऊन तो पूर्ण सोडते. तरी ऐकू येतं.

चौकशीत भाऊजींनी माझ्या फोनचा उल्लेखही केला नाही. त्यांची नोकरी गेली. मग एकदा दारात येऊन म्हणाले, "काम उरकल्याचा परमिटचा कागद त्यांच्या हातून परत आल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, हा नियम मला होता, वहिनी. तुम्हाला नव्हता." मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

तूच मागे लिहिलं होतंस, सर म्हणतात, "लाईन बंद आहे असं सख्ख्या आईने सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय हात लावू नका," आणि वर्ग खो खो हसतो. तू हसू नकोस. त्यांच्याकडूनच शीक.

अर्ज सोबत परत पाठवते आहे. द्यायचाच असेल तर त्यांचं नाव खोडून माझं घाल. त्यावर मी लगेच सही करेन.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
आई