मधलं करडं

७ नोव्हेंबर
सुजाताबाई आल्या होत्या. त्यांचा नवरा मल्लेशाम जाऊन वर्ष होत आलं. श्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे. मोबाइलमधले सगळे आजारपणातले. "तुमी मागावर काढला होता की, भाईजान. तोच द्या." निगेटिव्ह सापडली. हातमागावर विणायला बसलेला, पांढरा शर्ट, शेजारी उघडी खिडकी. इतका दोस्त, पण धड फोटो हा एकच.

९ नोव्हेंबर
दिवसभर डार्करूम. दोन नंबरच्या फिल्टरवर प्रिंट फिकी, चेहरा धुक्यात. तीनवर तेच. कागद जुना झालाय बहुतेक. डेव्हलपर ताजा केला, फरक नाही. चारवर नाक-मिशी जरा सुटी झाली. शेवटी पाचवर काढली. मस्त आली.

११ नोव्हेंबर
सु.बाई प्रिंट धरून बघतच राहिल्या. मग, "हे आमचे न्हाईत."
म्हटलं, असं कसं?
"एवढे काळे न्हवते हो. आन् डोळे कुटं गेले?" पदर तोंडाला लावून रडल्या.
मला रागच आला. जन्म गेला या कामात. कागद खराब निघाला, परत काढतो म्हटलं. चहा ठेवला होता, न घेताच गेल्या.

१४ नोव्हें.
नसरीन पुण्याहून आलीय. लेक आहे, छान म्हणेल वाटलं. प्रिंट दारात उजेडाला नेली. "अब्बा, शर्टाला बटणंच नाहीत. नुसता चुना. आणि चेहऱ्याचा कोळसा झालाय."
कागद, म्हटलं.
तिनं रद्दीतून दोन नंबरवाली काढली, सुकून वाकडी झालेली. "ही बरी आहे की. का टाकली?"
त्या प्रिंटमध्ये मला काहीच...

१५ नोव्हें.
लिहायचं सुचत नाही.

१७ नोव्हें.
डोळ्यांचा दवाखाना. यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ दिवाच आला नाही. नंतर कळलं, येत होता.
काचबिंदू. दोन्ही डोळे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येत नाही. आहे ते टिकवायला थेंब, आणि डाव्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणतात.
म्हटलं, पेपर वाचतो की मी रोज!
"अक्षरं काळी असतात, चाचा. करड्यावरचं करडं तुम्हाला दिसत नाही."
रिक्षात नसरीननं हात धरून ठेवला.

१८ नोव्हें.
नसरीननं रजा वाढवली. तिला डार्करूममध्ये घेतलं. लहानपणी वासानंच पळायची. समजावलं: फिल्टरचा नंबर कमी तेवढी प्रिंट मऊ. वाढवला की काळं वेगळं, पांढरं वेगळं, मधलं करडं मरतं.
"म्हणजे तुम्ही मधलं मारत होता."
व्हय.
आधी मऊ फिल्टरवर शर्ट-खिडकी, मग त्याच कागदावर थोडा वेळ कडक, डोळ्या-मिशीपुरता. हात माझे, नजर तिची. "अजून जरा... थांबा. आली बटणं." मी ट्रेमध्ये वाकून बघत होतो. ओला कागद, त्यावर काळपट डाग. हसतोय का गं तो?
"हसतोच आहे," म्हणाली.

१९ नोव्हें.
सु.बाईंनी प्रिंट घेतली आणि तेलुगूत त्याच्याशीच बोलायला लागल्या. आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो. नंतर मला म्हणाल्या, "तुमच्या हातात जादू हाय, भाईजान."
नसरीन काही सांगणार होती. डोळ्यानंच गप्प केलं. लई वाईट वाटलं मग. प्रिंट तिची होती.

२२ नोव्हें.
नसरीन गेली. स्टेशनवर परत तेच. "पुण्याला चला. हे बंद करा आता." तिची बॅग गाडीत चढवून दिली. ऑपरेशनची तारीख विचारायला दवाखान्यातून फोन आला. कळवतो म्हटलं. केल्यावर नजर आणखी जाणार नाही याची खात्री तेही देत नाहीत.
दुपारी स्टुडिओचं शटर ओढून आत बसलो. डब्यातली हाताला लागली ती निगेटिव्ह लावली. फिल्टर दोन. कागद डेव्हलपरमध्ये हलवत राहिलो. काहीतरी येत होतं. बाहेरून कुणी हाक मारली, ओ दिली नाही.
धुऊन दोरीला लावलाय. बाई आहे की बाप्या, तेही कळेना.